डिस्ट्रिक्टमधली कुठली प्री-के चांगली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इथे न्यू जर्सीत डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या) प्री-केच्या, म्हणजे तीन-चार वर्षांच्या मुलांच्या वर्गाच्या, नोंदणीचे दिवस आले की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "तुमच्या दोघी इथल्याच डिस्ट्रिक्टच्या प्री-केला गेल्या ना? मग कुठली चांगली?" आणि पाठोपाठ एखाद्या वेबसाइटचा स्क्रीनशॉट. या शाळेला दहापैकी आठ, त्या शाळेला पाच.

आधी त्या आकड्यांचं मिटवून टाकू. अमेरिकेत सरकारी शाळांमधल्या राज्याच्या वार्षिक परीक्षा तिसरीपासून सुरू होतात. शाळेला मिळालेले ते आठ किंवा पाच मुख्यतः त्या परीक्षांवर बेतलेले. तुमचं तीन वर्षांचं पोर ज्या खोलीत दिवसाचे सहा तास काढणार, त्या खोलीबद्दल तो आकडा चकार शब्द काढत नाही. ज्या इमारतीत फक्त लहान मुलंच आहेत, तिथे तर तिसरीच नाही, मग रेटिंग कुठून येणार? तरी लोक म्हणतात, "रेटिंगच नाही, काहीतरी गडबड असेल."

दुसरी गोष्ट, निदान आपल्या न्यू जर्सीत, कागदावर या सगळ्या जागा जवळजवळ सारख्याच असतात. गरीब डिस्ट्रिक्टमधल्या शाळांसाठी ॲबट नावाचा खटला इथे वर्षानुवर्षं चालला. 1998 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या डिस्ट्रिक्टमध्ये तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी चांगली, मोफत प्री-के चालवायचा आदेश दिला. मग नियम ठरले: वर्गात जास्तीत जास्त 15 मुलं, प्रमाणपत्र असलेली एक शिक्षिका, एक मदतनीस, निदान सहा तासांचा दिवस. पुढे राज्य इतर डिस्ट्रिक्टनाही यासाठी पैसे देऊ लागलं, ते हेच नियम पाळण्याच्या अटीवर. अभ्यासक्रमही साधारणपणे एका डिस्ट्रिक्टमध्ये सगळीकडे एकच. त्यामुळे "करिक्युलम काय आहे?" हा आपल्या मंडळींचा लाडका प्रश्न तीन ठिकाणी विचारलात तरी उत्तर एकच मिळेल.

जागांचे प्रकार मात्र तीन. एलिमेंटरी शाळेतला वर्ग, डिस्ट्रिक्टची लहान मुलांसाठीची वेगळी इमारत, आणि डिस्ट्रिक्टने करार केलेलं खाजगी सेंटर. हेड स्टार्ट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या लहान मुलांसाठीचा केंद्र सरकारचा कार्यक्रम, तोसुद्धा कधीकधी या तिसऱ्या प्रकारात येतो. या तिसऱ्या प्रकाराकडे लोक नाक मुरडतात. मीही मुरडलं होतं. "ती काय खरी शाळा? डे-केअर आहे नुसतं." मोठीच्या वेळी लॉटरीत सेंटरची जागा लागली ती मी सोडली आणि नव्या कोऱ्या घसरगुंडीच्या शाळेच्या वेटलिस्टवर नाव घालून बसले. नोव्हेंबरात नंबर लागला. तिथला दिवस दुपारी पावणेतीनला संपायचा, पुढे सोय काहीच नाही. नवऱ्याने आणि मी ते वर्ष आलटून पालटून मीटिंगा पार्किंगमधून केल्या. धाकटी त्याच सेंटरला गेली, ज्याला मी नाकारलं होतं. वर्गात तेच 15, तशीच प्रमाणपत्रवाली शिक्षिका, आणि वरचे तास पैसे भरून संध्याकाळी सहापर्यंत, उन्हाळ्यातसुद्धा. दोघंही नोकरी करत असाल तर हा फरक घसरगुंडीपेक्षा मोठा आहे, एवढं लिहून ठेवा.

पण खरा फरक खोलीत वीस मिनिटं बसल्याशिवाय दिसत नाही. भेटीची वेळ मागा, बहुतेक जण देतात. भिंतीवरची चित्रं बघू नका, मोठी माणसं मुलांशी कशी बोलतात ते ऐका. एका वर्गात मी बसले होते तेव्हा वीस मिनिटांत मोठ्यांची वाक्यं मोजून चार प्रकारची ऐकली: बस, थांब, रांग, शाब्बास. दुसऱ्या वर्गात एक मुलगा ठोकळ्यांच्या कोपऱ्यात पूल करत होता आणि तो सारखा पडत होता. मदतनीस बाई त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "हा खालचा का हलतोय, काय वाटतं तुला?" त्याने विचार केला, खालचा रुंद ठोकळा शोधून आणला. बाईंनी टाळ्याही वाजवल्या नाहीत, गाडी तेवढी पुलावरून नेली.

त्याच वर्गात सिंकच्या वर एक कार्ड चिकटवलेलं होतं. त्यावर मराठी शब्द: पाणी, शू, बास, दुखतंय, आई येईल. रोमन अक्षरांत, उच्चार कळावेत म्हणून मध्ये रेघा मारलेले. आदल्या वर्षी कुठल्यातरी मराठी आईकडून विचारून घेतलेलं. (मुलाला इंग्रजी येत नाही म्हणून घाबरून घरी मराठी बंद करणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.)

तेव्हा विचारायचंच असेल तर हे विचारा: या खोलीतल्या मदतनीस किती वर्षं इथे आहेत? मूल रडलं तर पहिल्या आठवड्यात काय करता? डायपर सुटला नसेल तर बदलतं कोण? (डायपर सुटला नाही म्हणून इथे प्रवेश नाकारता येत नाही, कुणी काहीही सांगो.) आणि मुलाच्या बोलण्याची किंवा वागण्याची काळजी वाटत असेल तर शिक्षिकेला तोंडी सांगून थांबू नका. डिस्ट्रिक्टच्या चाइल्ड स्टडी टीमला, म्हणजे मुलाला खास मदतीची गरज आहे का हे तपासणाऱ्या तज्ज्ञांना, लेखी पत्र द्या. पत्र पोचल्यापासून शाळेच्या सुट्ट्या वगळून (उन्हाळ्याची सुट्टी मात्र धरून) 20 दिवसांत त्यांना तुमच्याबरोबर बैठक घ्यावी लागते. तोंडी बोलण्याला तारीख नसते. आमच्या ओळखीतल्या एका घराचं वर्ष असंच "बघू, अजून लहान आहे" ऐकण्यात गेलं.

लिहायला कधी शिकवतात, हेही विचारतात सगळे. व्हिडिओ कॉलवर आजी रोज विचारायची, "आज काय शिकवलं गं?" आणि धाकटी रोज सांगायची, "पाणी ओतलं." या भांड्यातून त्या भांड्यात, महिनाभर. आजी माझ्याकडे बघायची, मी दुसरीकडे.

आता एवढं ऐकूनही लोक शेवटी म्हणतातच, "ते ठीक आहे, पण नाव सांगा ना एक." गेल्या वर्षीपर्यंत सांगत होते. मग जूनमध्ये त्या ठोकळेवाल्या बाई दुसऱ्या इमारतीत गेल्या.