शॉकअपमधली उरलेली जागा

कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग वर चढवलेले आणि उंची बदलता येणारे शॉकअप, घ्यायला माझ्याकडे येणारे बहुतेक जण कंपनी आणि मॉडेल ठरवूनच येतात. कोल्हापूरहून आलेले हे बापलेकही तसेच आले. गाडी बीएमडब्ल्यू एम टू कॉम्पिटिशन. 410 अश्वशक्ती, मागच्या चाकांना ताकद, पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात. मुलाच्या फोनमध्ये थ्री-वे, म्हणजे प्रत्येक शॉकअपला तीन नॉब असलेल्या, रेसिंग किटचं कोटेशन तयार होतं. त्याच्या पुढच्या स्प्रिंगा 100 न्यूटन प्रति मिलिमीटरच्या, म्हणजे एक मिलिमीटर दाबायला 100 न्यूटन बल लागणाऱ्या.

"मॅडम, तुम्ही फक्त फिटिंग आणि अलाइनमेंटचं किती ते सांगा," तो म्हणाला.

मी किटचं नंतर बघते, गाडीचं आधी. ती कुठे कुठे चालते ते विचारलं. आठवड्याला कोल्हापूर-पुणे, रविवारी मित्रांबरोबर आंबा घाट, आणि वर्षातून एखादी खेप कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर. तक्रार दोन गोष्टींची. महामार्गावर पुलांच्या सांध्यांवर गाडी आदळते, आणि घाटात वळणाच्या मधोमध पुढचं तोंड अचानक बाहेर पळतं. यावरून त्याने निष्कर्ष काढला होता की शॉकअप कमजोर आहेत, कडक आणि जास्त नॉबवाले टाकले की काम होईल.

चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावली. गाडी मूळ उंचीपेक्षा 35 मिलिमीटर खाली. आधी कुठेतरी कंपनीच्या मूळ शॉकअपवरच आखूड स्प्रिंगा बसवून घेतल्या होत्या. दिसायला गाडी झकास दिसत होती, यात शंका नाही.

लिफ्टवर घेतली, पुढच्या दोन्ही स्ट्रटचे रबरी बूट वर सरकवले आणि दांड्याला एकेक केबल टाय आवळून तो खाली सीलला टेकवून ठेवला. हा प्रयोग मी जवळजवळ प्रत्येक गाडीवर करते. शॉकअप दबला की टाय वर सरकतो आणि तिथेच राहतो. ज्या टोकापर्यंत शॉकअप गेला, ते टोक तो दाखवतो. मी गाडी घेतली, मुलगा शेजारी बसला. भोसरी एमआयडीसीतले गतिरोधक आणि नाशिक रस्त्याचा एक खराब तुकडा, इतकीच फेरी. वेग अगदी माणसासारखा.

परत आल्यावर गाडी लिफ्टवर चढेपर्यंत वडील खुर्चीतून उठून खाली आले होते. त्यांची शिरोलीला फाउंड्री. लोखंडाशी आयुष्य गेलेलं, त्यामुळे वस्तू हातात घेतल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही. शॉकअप शेवटपर्यंत दबून आदळू नये म्हणून दांड्यावर जो रबराचा बंप स्टॉप असतो, त्यात डावीकडचा टाय रुतून बसला होता, उजवीकडचाही तिथेच. सपाट जमिनीवर गाडी उभी असताना बंप स्टॉपपर्यंत मोकळी जागा उरली होती 11 मिलिमीटर. मी त्यांना ती बोटाने चाचपायला लावली. त्यांचं बोट आडवं शिरेना.

"म्हंजे स्प्रिंगीचं काम संपतंय आणि गाडी रबरावर चालतीया, व्हय की न्हाई ताई?"

अगदी तेच. बंप स्टॉप वाईट नसतो. बीएमडब्ल्यू मूळ गाडीतही लांब बंप स्टॉप देते आणि तो मदतनीस स्प्रिंग म्हणून हळूहळू कामाला लागावा असंच त्याचं गणित असतं. पण गाडी 35 मिलिमीटर खाली आणली की हळूहळूला जागाच राहत नाही. पुलाचा सांधा आला की गाडी थेट रबरावर. घाटातलं दुखणंही त्याच जागी होतं. वळणात बाहेरचं पुढचं चाक दबतं, रबराला भिडतं आणि त्या क्षणी तो कोपरा एकदम कित्येक पटींनी कडक होतो. मग पुढच्या आतल्या चाकावरचा भार झटकन बाहेरच्या चाकावर जातो, टायर तेवढा भार पेलू शकत नाही आणि तोंड बाहेर सरकतं. ड्रायव्हरला वाटतं पकड अचानक गेली.

त्यात भर चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या आर्मची. मॅकफर्सनच्या गाडीत खालचा आर्म साधारण आडवा किंवा चाकाकडे किंचित उतरता असावा. इथे तो चाकाकडे वर चढलेला दिसत होता. अशा वेळी रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातं, दोघांमधलं अंतर वाढतं, आणि गाडी खाली आणूनही ती वळणात जास्त कलायला बघते. चाक वर दबताना मिळणारा कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत झुकणारा कल, तोही मिळेनासा होतो. लोकांना हे पटत नाही, म्हणून मी नेहमी आर्मवर लेव्हल ठेवून दाखवते. त्या दिवशीही दाखवलं.

आता निवड. फळ्यावर आकडे मांडले. चालक धरून या गाडीच्या पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगांवर झुलणारं वजन साधारण 385 किलो, मागे 350. कोटेशनमधल्या 100 च्या स्प्रिंगने पुढचा कोपरा सेकंदाला जवळजवळ अडीच वेळा झुलला असता. साध्या गाड्या एक ते दीडच्या दरम्यान असतात, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्या दीड ते दोन, आणि अडीच हा स्लिक टायरवर गुळगुळीत ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीचा आकडा. खंबाटकीतून ती गाडी दर आठवड्याला हाकायची म्हणजे चाकं जमिनीवर कमी आणि हवेत जास्त. मी 60 धरले. तेवढ्यात सेकंदाला 1.9 वेळा येतो.

मागचं गणित इथे सगळ्यांना चकवतं. आपण कॉइलओव्हर म्हणतो, पण एम टूच्या मागच्या बाजूला स्प्रिंग शॉकअपवर नसतेच. ती वेगळी, खालच्या आर्मवर, चाकापासून बरीच आत बसते. आमच्या मिस्त्रींनी स्प्रिंग काढून जॅकने हब 100 मिलिमीटर वर उचलला, तर स्प्रिंगच्या जागेतलं अंतर 57 मिलिमीटरनेच कमी झालं. हे गुणोत्तर वर्ग होऊन लागतं. 0.57 चा वर्ग म्हणजे 0.32 च्या आसपास, म्हणून मागे 140 ची स्प्रिंग टाकली तरी चाकापाशी तिचे 45 च उरतात. आकडा येतो 1.8. पुढच्यापेक्षा जरा मऊ, म्हणजे वळणातून बाहेर पडताना मागच्या चाकांना पकड मिळेल. नुसता 60 आणि 140 बघून कुणी मला वेड्यात काढेल, पण स्प्रिंग कुठे बसली आहे ते न बघता आकड्याला अर्थ नाही. काही किटमध्ये मागची स्प्रिंग शॉकअपवर चढवतात. त्यात सगळा भार शॉकअपच्या वरच्या माउंटवर आणि तिथल्या पत्र्यावर जातो, आणि कंपनीने ती जागा त्या भारासाठी बनवलेली नसते. आपल्या खड्ड्यांत मला ते नको.

मुलाचा जीव नॉबमध्ये अडकला होता. "थ्री-वेमध्ये सगळं ॲडजस्ट होतं ना, मॅडम?"

होतं, पण ते करायचं कुणी? बिलस्टाइनच्या पीएसएस10 ला एकच नॉब, 10 टप्पे, कॉम्प्रेशन (शॉकअप दबतानाचा विरोध) आणि रिबाउंड (परत उघडतानाचा विरोध) एकत्रच बदलतात. केडब्ल्यूच्या व्हेरिएंट 3 मध्ये दोन्ही वेगवेगळे. थ्री-वेमध्ये कॉम्प्रेशनचेही दोन भाग पडतात. एक वळणात आणि ब्रेकमध्ये गाडी कलते त्या संथ हालचालीचा, दुसरा खड्डा किंवा ट्रॅकच्या कडेवर चाक झटक्यात उडतं त्या वेगवान हालचालीचा. चार कोपरे, प्रत्येकी तीन नॉब, शिवाय तेलाच्या टाक्या बाहेर आणि त्यांच्या नळ्या चाकांशेजारी. रेसिंगचे शॉकअप ठरावीक काळाने उघडून सील आणि तेल बदलावं लागतं. सोबत डेटा लॉगर आणि इंजिनिअर असेल तर थ्री-वेसारखं हत्यार नाही. आठवड्याला महामार्ग आणि वर्षातून एकदा ट्रॅक, याला दोन नॉबचं टू-वे पुरेसं. वेगवान हालचालीचा व्हॉल्व्ह आतून बरोबर बांधून आला पाहिजे, एवढीच अट.

खरं पाहिलं पाहिजे ते व्हॉल्व्हिंग, म्हणजे शॉकअपमधल्या तेलाला अडवणाऱ्या व्हॉल्व्हची बांधणी. शॉकअप कोणत्या स्प्रिंगसाठी बांधला आहे? मऊ स्प्रिंगसाठी बांधलेल्या शॉकअपवर कडक स्प्रिंग चढवली की रिबाउंड कमी पडतो आणि गाडी उसळत राहते. उलट रिबाउंड फार आवळला, तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो आणि गाडी स्वतःलाच खाली खेचत बंप स्टॉपवर नेऊन बसवते. नॉब फिरवून थोडंफार सावरता येतं, मूळ चूक भरून निघत नाही. म्हणून माझा आग्रह होता की स्प्रिंगांचे आकडे आधी कळवायचे आणि कारखान्याकडून त्यांनाच जुळणारं व्हॉल्व्हिंग मागवायचं. आणि उंची स्प्रिंगच्या कपानं नाही, तर शॉकअपच्या खालच्या ब्रॅकेटनं बदलणारा स्ट्रट घ्यायचा. कप फिरवून गाडी खाली आणली की शॉकअपची वाटचाल खर्ची पडते. ब्रॅकेट फिरवून आणली तर ती शाबूत राहते, फक्त चाक वर आत घासत नाही ना ते बघावं लागतं.

"किती खाली ठेवायची?" मुलाने विचारलं. हाच प्रश्न होणार हे मला माहीत होतं.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या आयआरसी 99 मधला गतिरोधक 100 मिलिमीटर उंच, 3.7 मीटर रुंद आणि 17 मीटर त्रिज्येचा, ताशी 25 किलोमीटरसाठी. तसा तो असता तर ही गाडी अलगद पार झाली असती. आपल्याकडच्या गल्लीत डांबर संपेल तिथे गतिरोधक संपतो. 2693 मिलिमीटरच्या व्हीलबेसची गाडी त्यावर पोटाशी अडकते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. नोंदणीतल्या तपशिलांपासून गाडी दूर नेण्याची मुभा मालकाला नाही, त्यामुळे मी मूळ उंचीच्या जवळ राहते, मूळ सामान जपून ठेवायला लावते आणि विमा कंपनीला लेखी कळवायला सांगते. मूळपेक्षा 12 मिलिमीटर खाली, त्याहून नाही, असं मी म्हणाले. मुलगा वडिलांकडे बघू लागला.

"माझ्याकडं बघू नगोस. त्या ताई बोट घालून दाखवालीत, तू फोटो दाखवालास," काका म्हणाले. ऑर्डर तिथेच लिहिली.

किट आल्यावर बसवण्यात फारसं सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं आहे ते काट्यांवरचं काम. चार चाकांखाली चार काटे, टाकी अर्धी, चालकाच्या जागी मालकाच्या वजनाएवढ्या वाळूच्या पिशव्या, अँटी-रोल बारच्या (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांड्याच्या) लिंक सोडलेल्या. मग एकेका कोपऱ्याची उंची एक-दोन मिलिमीटर वरखाली करत तिरक्या जोडीचं वजन निम्म्यावर आणायचं. हे न करता कॉइलओव्हर बसवले तर गाडी डावीकडे एक वळते आणि उजवीकडे दुसरीच. अर्धा दिवस यात गेला आणि तो जायलाच हवा होता. पुढे कॅम्बर उणे 2.2 अंश, टो (वरून पाहताना चाकांचा आत-बाहेर कोन) जवळजवळ शून्य.

मग तीच भोसरीची फेरी, तेच केबल टाय. या वेळी ते बंप स्टॉपच्या 16 मिलिमीटर खाली थांबले. काकांनी वाकून बोट घातलं. दीड पेर आत गेलं.

सेटिंग कागदावर लिहून दिलं. रस्त्यासाठी एक आणि कारीसाठी एक, दोन्ही पूर्ण आवळलेल्या टोकापासून क्लिक मोजून. हजार किलोमीटरनंतर स्प्रिंगा बसल्या की उंची पुन्हा तपासायला या, असंही. कोइमतूरहून मुलाचा फोन आला तो पिट्समधूनच. पुढची बाजू छान धरतेय, पण हळू वळणातून ॲक्सिलरेटर दिला की मागचं फिरायला बघतंय. मागचं कॉम्प्रेशन दोन क्लिक सोड, रिबाउंडला हात लावू नकोस आणि टायरची हवा गरम असताना पुन्हा बघ, असं सांगितलं.