मामाच्या विहिरीतली अकरावी पायरी

"अकरावी पायरी उघडी पडली बाप्पा. येऊन पाहून जा." मामाचा फोन आला तेव्हा आमच्या घरी कूलर आत्ताच काढायचा की होळीनंतर, यावर वाद चालू होता. नळाला नेहमीसारखं पाणी. नागपुरात मे लागेपर्यंत दुष्काळ हा शब्द कोणी काढत नाही. मार्चच्या दुसऱ्या रविवारी सकाळी तर्री पोहे हाणले आणि काटोल रोडला गाडी लावली.

गोरेवाड्यापाशी थांबलो, कारण आमच्या नळाची गोष्ट इथून वर जाते. पेंचचं पाणी तोतलाडोहला अडतं, तिथून नवेगाव खैरीला आणि मग शहराकडे येऊन इथे शुद्ध होतं. पेंच उगवते मध्य प्रदेशात, आणि तिकडे चौराईला धरण झाल्यापासून तोतलाडोहला येणारा येवा कमी झालाय. 2018 चा पाऊस दगा देऊन गेला आणि 2019 च्या जुलैत महापालिकेनं दिवसाआड पाणी सुरू केलं. जुलैत! बाहेर छत्र्या आणि घरात ड्रम. तेव्हापासून मी तोतलाडोहच्या टक्केवारीची बातमी क्रिकेटच्या स्कोअरसारखी वाचतो. पण ती बातमी शहराची. धरणात साठा असला की आपण निवांत. काटोलच्या विहिरीचा आणि त्या टक्केवारीचा काही संबंध नाही.

रस्त्याचं काय सांगू, पळस इतका फुललेला की फोटो काढायला तीनदा थांबलो. पानं एक नाही, नुसता केशरी जाळ. खालचा नाला मात्र कोरडा, रेतीत बकऱ्यांच्या खुरांचे ठसे. फोटोत तो मी येऊ दिला नाही, हे नंतर लक्षात आलं.

मामाचा मळा काटोलच्या अलीकडे. चहा राहिला बाजूला, तो मला थेट विहिरीवर घेऊन गेला. जुनी दगडी विहीर, आतल्या भिंतीतून बाहेर आलेल्या दगडांच्या पायऱ्या. आजोबांच्या वेळेपासून घरात पाणी फुटात कोणी मोजत नाही, पायऱ्यांत मोजतात. काही पायऱ्यांवर ऑइलपेंटनं सालं लिहिलेली. सगळ्यात खाली, तळाच्या गाळाजवळ, 2019.

"त्या साली काय केलं?"

"काय करतो! टँकर आणून झाडं जगोली. जुन्या वाडीतली अर्धी तरी वाळली. तोडून सरपण केलं."

वाळलेल्या संत्र्याच्या झाडाचं सरपण. ऐकायला सोपं आहे, पण झाड फळावर यायलाच पाचेक वर्षं घेतं.

यंदाची अडचण वेगळी आहे आणि ती मला त्या सकाळीच नीट कळली. आंबिया बहारासाठी डिसेंबरात बागेचं पाणी तोडतात, म्हणजे झाड ताणावर सोडतात. जानेवारीत पुन्हा पाणी दिलं की फूल फुटतं. आता मार्चमध्ये फळ वाटाण्याएवढं. पाण्याची खरी ओढ या वेळेपासून पुढे जूनपर्यंत, आणि विहीर उतरण्याचा काळही नेमका हाच. पाणी कमी पडलं की झाड स्वतःच हिशेब करतं, फळ टाकून देतं. बुंध्याखाली हिरव्या गोळ्यांचा सडा पडला होता. मामानं ओंजळभर उचलून माझ्या हातात दिल्या आणि काही बोलला नाही.

ज्यांच्याकडे पाणी नाही ते मृग बहार घेतात. त्याला ताण मे महिन्यात, मग पहिल्या पावसावर फूल. पण तिथे जूनच्या पावसानं वेळ पाळावी लागते. मामा दोन्हीकडे थोडं थोडं ठेवतो. मृगाची शेवटची तोडणी चालू होती, क्रेट भरलेले.

बोअर? आहे ना. काटोल-कळमेश्वरकडे खाली काळा पाषाण. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि दगडाच्या भेगांत. शेजाऱ्यानं खोल बोअर मारला की आपली विहीर आटते, मग आपण त्याच्याहून खोल मारायचा. वर्धा नदीपलीकडे वरूड-मोर्शीत हाच खेळ इतका चालला की तिथलं भूजल सरकारी कागदावर अतिशोषित म्हणून नोंदलं गेलं. मामाची मोटर सकाळी दोन तास चालते, मग हवा ओढते. जानेवारीत पाच तास चालायची.

जेवताना (झुणका, भाकर आणि मामीच्या हातचा ठेचा, त्यावर वेगळं लिहीन) मामानं विचारलं, "तुह्या मोबाईलात पुढचं काय सांगून रायले?"

मी एल निनो सांगायला घेतलं. पॅसिफिकचं पाणी तापलं की आपला पाऊस बिघडू शकतो. 2023 ला देशात सरासरीच्या 94 टक्के पडला, 2015 ला 86. पण 1997 ला एल निनो जबरदस्त होता आणि पाऊस 102 टक्के! शिवाय मार्चमधला अंदाज सगळ्यात कच्चा, हवामान खातंही पहिला अंदाज एप्रिलच्या मध्याला देतं.

"म्हणजे भेंडवळवाल्यायच्याही आधी," मामा म्हणाला. (भेंडवळला घटमांडणी करून पावसापाण्याचं पारंपरिक भाकीत सांगतात, अक्षय तृतीयेच्या सुमारास.) "अन् तो अंदाज देशाचा. मह्या वावराचा कोन सांगन?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोबाईलात त्या आठवड्यासाठी विदर्भात अवकाळी आणि गारपिटीचा इशारा तेवढा दिसत होता. ते वाचून मामीनं कपाळाला हात लावला. अवकाळी पावसानं विहीर चढत नाही, गारांनी फळ मात्र झडतं.

भूजल सर्वेक्षणवाले निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात, त्यात मार्च येतो. मामाची विहीर त्यांच्या यादीत नाही. म्हणून ऊन उतरल्यावर आम्हीच मोजायला बसलो. मी वाकून बारा पायऱ्या मोजल्या. मामा म्हणे अकरा. बारावी अर्धी ओली होती, शेवाळ अजून हिरवं.

"ओली हाये तोवर ते पान्यातच धरतो आपन," मामा म्हणाला आणि मोटरीच्या पेटीकडे गेला.

निघताना क्रेटमधली संत्री पिशवीत भरून मिळाली. गोरेवाड्यापर्यंत येताना अंधार पडला होता, आणि फोन वाजला. मामाच होता.

"बारा लिही," म्हणाला.