पॅडवर आलेला काळा रंग : आमच्या दुकानाची वाटचाल

गाडीच्या रंगावर पॉलिशचे मशीन फिरवण्याचे पैसे मिळतात; मशीन उचलून बाजूला ठेवण्याचे पैसे कोणी देत नाही. कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगरात २००९ मध्ये सुरू झालेल्या आमच्या डिटेलिंगच्या (म्हणजे गाडीचा रंग साफ करून, पॉलिश करून चमकवण्याच्या) दुकानाची हकिगत सांगायला बसलो की मला हे न मिळालेले पैसेच आधी आठवतात. त्यामुळे पुढील मजकुरात कुठे कडवटपणा जाणवला तर तो मुरलेला आहे, मुद्दाम घातलेला नाही, एवढे वाचकांनी समजून घ्यावे.

सुरुवातीला आम्ही दोघे होतो. मी एका मोटार विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये, नव्या गाड्या ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी त्या धुऊन-पुसून तयार करण्याचे काम पाच वर्षे केले होते. माझे भागीदार जुने पेंटर होते आणि आजूबाजूच्या सगळ्या गॅरेजांत त्यांना नुसते ‘मिस्त्री’ म्हणत. शेडचे भाडे माझे आणि हात त्यांचे, असा आमचा तोंडी करार होता. मिस्त्री बोटाच्या पेराने पत्रा वाजवून लांबी, म्हणजे चेपलेल्या पत्र्यात भरायची पुट्टी, कुठे भरली आहे ते आवाजावरून सांगत. वॉटर पेपर, म्हणजे ओला वापरायचा घासकागद, रात्रभर पाण्यात भिजत घातल्याशिवाय ते हातात घेत नसत, आणि पेपरमागे रबराचा ठोकळा न धरता नुसत्या बोटांनी घासणाऱ्या पोराच्या हातावर चापट मारीत, कारण बोटांच्या दाबाने पडलेले पाट पॉलिशनंतर उन्हात स्पष्ट दिसतात.

आमचे पहिले मशीन रोटरी होते. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून मी ते एसटीने मांडीवर ठेवून आणले, आणि त्याच्यासोबत लोकरीची दोन पॅडे आणि कंपाउंडचा, म्हणजे रंग घासणाऱ्या खरखरीत पॉलिशचा, एक डबा. रोटरीला हल्ली सगळे नावे ठेवतात, पण ते न्हाव्याच्या वस्तऱ्यासारखे आहे. हात बसलेल्या माणसाला त्याच्याइतके जलद हत्यार नाही आणि हात न बसलेल्याला त्याच्याइतके घातक नाही. ते एकाच अक्षावर गरगर फिरते, एका जागी क्षणभर जास्त रेंगाळले की पत्रा तापतो, आणि पॅड जरा तिरपे धरले की काळ्या गाडीवर होलोग्राम उमटतात, म्हणजे उन्हात बघणाऱ्याबरोबर सरकणारे ते धुरकट पट्टे. मिस्त्री मशीनला हात लावीत नसत. मी मशीनने रंग घासत असताना ते मागे उभे राहून एवढेच म्हणत, “आरं, रंग काय झाडाला लागतोय व्हय? ऱ्हाऊ दे की जरा.”

पहिल्या वर्षीच आम्हाला एक निवृत्त शिक्षक भेटले. त्यांना मी ‘सर’ म्हणतो. त्यांच्याकडे १९८४ च्या मॉडेलची निळी प्रीमियर पद्मिनी आहे आणि दरवर्षी खंडेनवमीच्या आधी ती आमच्याकडे येते. त्या काळच्या तशा रंगावर वेगळा क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, नसे. रंग आणि चमक एकाच थरात असत. असा रंग उन्हाने चुना धरतो, आणि वरचा मेलेला थर पॉलिशने निघू लागला की पॅड निळे होते. ते व्हायलाच हवे. सर स्टुलावर वर्तमानपत्र घेऊन बसत, आणि काम झाले की पॅड मागून घेऊन ते उजेडात धरून बघत. “किती निघाला?” हा त्यांचा प्रश्न ठरलेला असे. मी हसून “थोडाच” म्हणत असे. तो प्रश्न किती नेमका होता हे मला पाच वर्षांनी कळले.

त्या पाच वर्षांबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. काम होते, पैसे वेळेवर येत होते, दोन पोरे कामाला ठेवली होती.

२०१४ च्या दिवाळीनंतर एका डॉक्टरांची काळी सेडान आली. गाडी त्यांनी सेकंडहँड घेतली होती, दोन दिवसांनी घरात लग्न होते, आणि उन्हात बॉनेटवर कोळ्याचे जाळे दिसत होते. (हे ओरखडे गोल नसतात, ते सगळ्या दिशांना पडलेले असतात, पण उजेडाच्या आडवे येणारे तेवढेच चमकतात म्हणून सूर्याभोवती जाळे विणल्यासारखे दिसते.) आताच्या गाडीच्या पत्र्यावर ईडी कोट (गंज रोखणारा पहिला थर), प्रायमर, बेस (खरा रंग) आणि सर्वांत वर क्लिअर असे थर असतात. सगळे मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतात आणि त्यातला क्लिअर ३५ ते ५०. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ओरखडा आम्ही ‘काढतो’ असे म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात त्याच्या आजूबाजूचा क्लिअर त्याच्या तळाजवळ येईपर्यंत खरवडत असतो. त्या गाडीचा आधीचा मालक हौशी असावा, कारण ती पूर्वी किमान एकदा पेपर मारून पॉलिश झालेली होती. हे मला तेव्हा माहीत नव्हते, कारण जाडी मोजायचे यंत्र आमच्याकडे नव्हते. आमच्याकडे मिस्त्रींचे बोट होते, आणि ते बोट लांबी ओळखत असे, पातळ झालेला क्लिअर नाही.

बॉनेटवर उजव्या बाजूला जी उभी धार असते तिच्यावरून मशीन गेले. रंग मारताना ओला थर धारेवरून दोन्हीकडे ओघळतो, म्हणून धारेवर तो सर्वांत पातळ असतो आणि म्हणूनच तिथे मास्किंग टेप लावायची असते. ती मी घाईत लावली नव्हती. क्लिअरवर काम करताना पॅडवर पांढरट लगदा यायला हवा. माझ्या पॅडच्या कडेला काळे दिसले. आणि इथेच माझा घात झाला, कारण काही दिवसांपूर्वीच सरांची पद्मिनी केली होती, पॅडवर रंग बघण्याची डोळ्यांना सवय होती, आणि ते काळे दिसूनही माझा हात लगेच उचलला गेला नाही. दोन सेकंद, फार तर तीन. मशीन थांबवून पुसले तेव्हा धारेवर बोटभर लांबीचा, मेणचट, चमक गेलेला पट्टा होता. क्लिअर संपून मी बेसमध्ये शिरलो होतो.

मी लगेच फोन करून खरे ते सांगितले. डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. “गाडी परवा दारात हवी” एवढेच म्हणाले. मिस्त्रींनी दोन रात्री जागून बॉनेट रंगवले, सगळा खर्च आम्ही सोसला, आणि गाडी वेळेवर लग्नघरी पोचली. पुढे ती विकताना घेणाऱ्याने रंगवलेल्या बॉनेटचे पैसे कापून घेतले, हेही डॉक्टरांनी मला फोन करून कळवले. त्यांचे बरोबरच होते.

मला लागले ते वेगळेच. त्या दिवशी माझ्या शेजारी उभा राहून जो पोरगा दिवा धरत होता, ज्याला मी तीन वर्षे पॅड कसे धुवायचे इथपासून शिकवले होते, त्याने त्या पट्ट्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. दीड महिन्याने त्याने आमच्याच रस्त्याला स्वतःचे दुकान उघडले, आमचा दुसरा पोरगा नेला, आणि तो फोटो व्हॉट्सॲपवर गावभर फिरू लागला. खाली आमच्या दुकानाचे नाव होते. आमच्या एक तृतीयांश दरात तो तीन वर्षांच्या हमीचे कोटिंग, म्हणजे रंगावरचा संरक्षक लेप, देत असे. दरवाज्यात काच, बसायला सोफा, चहा, गाडी परत देताना बॉनेटवर लाल रिबन. ग्राहक मला येऊन विचारीत की तुमचे ‘नाइन एच’ आहे का. ९ एच हा पेन्सिलीचा कडकपणा आहे, हिऱ्याचा नाही. ठरावीक दाबाने पेन्सिल ओढून ओरखडा उठतो का ते बघायची ती चाचणी आहे, आणि त्यात पास झालेल्या कोटिंगवर धुळीतले वाळूचे कण खुशाल रेघा ओढतात. हे मी समजावून सांगत असे आणि ग्राहक तिकडे जात असे.

त्याच्याकडची एक पांढरी हॅचबॅक तीन महिन्यांनी माझ्याकडे आली. मी बॉनेटच्या मधोमध टेप लावली, एका बाजूवर पाण्यात मिसळलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल मारून पुसले, आणि मालकाला दिवा दिला. पुसलेल्या बाजूला सगळे ओरखडे जागच्या जागी होते. ओरखडे तात्पुरते बुजवणारे तेलकट ग्लेझ चढवून त्यावर नुसते मेण मारले होते. मालकांनी नीट पाहिले, माझे आभार मानले, आणि पुढच्या दसऱ्याला ते पुन्हा त्याच्याकडेच गेले. तिथे सोफा आहे.

ते वर्ष आम्ही कसे काढले ते आमचे आम्हाला ठाऊक. महिन्याला चार गाड्या आल्या तरी चांगले म्हणायचे. शेडचे भाडे थकले. मिस्त्रींनी स्वतःहून भागीदारी सोडली. भांडण झाले नाही, पण “मशीनचं काम आता तुझं, माझा हात रंगाच्या गनवरच बरा” असे म्हणून ते निघाले तेव्हा मी त्यांना थांबवू शकलो नाही, कारण थांबवून द्यायला काही नव्हते. सौ.च्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून मी दोन वस्तू घेतल्या. एक जाडीमापक आणि दुसरी १५ मिलिमीटर थ्रोचे (म्हणजे झोक्याचे) ड्युअल ॲक्शन पॉलिशर, जे गोल फिरता फिरता स्वतःभोवती झोकेही घेते, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही आणि होलोग्राम जवळजवळ पडत नाहीत. त्याला वेळ जास्त लागतो. आमच्याकडे तेव्हा वेळच होता.

जाडीमापक हातात आल्यावर मी पहिली मोजली ती सरांची पद्मिनी. टपावर ७० मायक्रॉनच्या आसपास आकडे येत होते. डाव्या मागच्या दरवाज्यावर एकदम ६४० आला, म्हणजे तिथे खाली लांबी भरलेली होती. सर काही वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, “थोरला गाडी शिकत होता तेव्हा फाटकाला घासली होती. मला वाटले होते, कुणाच्या लक्षात येणार नाही.” टपाचे ७० हे माझ्याच पाच वर्षांच्या ‘थोडाच’चे फळ होते. तेव्हापासून त्या टपावर मी मशीन लावलेले नाही. हाताने मेण, एवढेच. सर तरीही पॉलिशचे पूर्ण पैसे देत राहिले, आणि दुकान रिकामे असे त्या महिन्यांत कारण नसताना गाडी घेऊन येत आणि ती रस्त्यावरून दिसेल अशी मुद्दाम उभी करून पेपर वाचत बसत.

आता या गावच्या गाड्यांबद्दल दोन शब्द, कोणी विचारले नसले तरी. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत ग्राइंडिंगची जी लोखंडी धूळ उडते ती गरम कणांच्या रूपाने क्लिअरमध्ये रुतते आणि पावसाळ्यानंतर पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसू लागतात. मालक त्याला ‘रंग गंजला’ म्हणतात आणि रबिंग करायला सांगतात. रबिंग कशाला? आयर्न रिमूव्हर फवारावा, कण जांभळे होऊन ओघळतात, वास मात्र सहन करावा लागतो. उरलेले क्ले बारने, म्हणजे मातीसारख्या मऊ वडीने, उचलावेत. गळीत हंगामात बगॅसची, म्हणजे साखर कारखान्यात जळणाऱ्या उसाच्या चिपाडाची, काजळी बसते, ती कोरड्या फडक्याने पुसू नये, आधी पाणी मारावे. पाणीही बोअरचे असेल तर उन्हात वाळू देऊ नये, कारण क्षारांचे डाग नंतर आम्हालाच खरवडावे लागतात. खंडेनवमीला बॉनेटवर ओल्या हळदी-कुंकवाचे स्वस्तिक जरूर काढावे, देवाचे काम आहे, पण त्याच संध्याकाळी धुवावे, आणि नारळ गाडीवर नव्हे, गाडीसमोर फोडावा. आणि रोज पहाटे सोसायटीत एकच पिवळे फडके बादलीत बुडवून वीस गाड्या पुसल्या जातात तेवढे बंद केले, तर आमच्या धंद्याचे निम्मे काम संपेल. संपू दे.

नंतरची वर्षे लवकर गेली. २०१९ च्या पुरात महामार्ग शिरोलीजवळ बंद होता तेव्हा, आणि २०२० च्या टाळेबंदीत, दुकान सगळ्यांसारखेच बंद होते. त्यात आमचे वेगळे असे काही नाही. पाटल्या सुटल्या. आज आम्ही पाच जण आहोत, शेड तीच आहे, आणि प्रत्येक गाडीचे किमान ४० ठिकाणी मोजमाप घेऊन कागदावर लिहिल्याशिवाय मशीनची वायर बोर्डात जात नाही. आकडा कमी आला तर मालकाला सांगतो की हे ओरखडे राहतील. त्यांतले काही जण उठून जातात. त्या पोराची आता दोन दुकाने आहेत.

गेल्या महिन्यात त्याच्याकडचा एक मुलगा काळी एसयूव्ही घेऊन आला. बॉनेटच्या धारेवर काहीतरी झाले होते, आणि साहेबांनी फक्त जाडी मोजून आणायला सांगितली होती. मी सगळ्या पत्र्याची मोजणी केली, आकडे मास्किंग टेपवर लिहून जागच्या जागी चिकटवले, आणि मोजणीचे ५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी अशी पावती त्याच्या दुकानाच्या नावाने केली. पैसे अजून आलेले नाहीत.