भाषा कळत नाही, मग ऐकता काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्याकडे रोमा लोकांची, म्हणजे ज्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी भारतातून युरोपात गेले त्या ‘जिप्सी’ लोकांची, गाणी लागली की पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला: “भाषा कळत नाही, मग ऐकता काय एवढं?”

मी हे पहिल्यांदा नीट ऐकलं ते लग्नात. व्हिएन्नात नोकरीला असताना ऑफिसातल्या मैत्रिणीच्या भावाच्या लग्नाला उत्तर मॅसेडोनियाच्या राजधानीत, स्कोप्येला गेले होते. दारातच दोन झुर्लावाले आणि एक मोठा ढोल. झुर्ला म्हणजे आपल्या सनईची बहीणच. एक जण चाल वाजवत होता आणि दुसरा, वयाने बराच मोठा, गाल फुगवून नुसता सूर धरून उभा. नाकाने श्वास घ्यायचा, पण सूर तुटू द्यायचा नाही. मला आमच्या मांडवाच्या दारातले सनईवाले आठवले.

संध्याकाळी ट्रंपेटवाले आले. घर मॅसेडोनियन, वाजवणारे सगळे रोमा. नवऱ्या मुलाची आजी नाचायला उठली तशी म्होरक्याने चाल बदलली, तिच्या पावलांकडे बघत लय ओढून धरली आणि ती रंगात आल्यावर सोडून दिली. एका काकांनी नोट काढून त्याच्या घामेजल्या कपाळावर चिकटवली. तिकडेही त्याला ‘बक्शिश’च म्हणतात. मला आवडतं ते हेच: समोरच्या एका माणसासाठी वाजवणं. कित्येक घरांत हा पिढीजात धंदा आहे, त्यामुळे सर्ब, तुर्क, अल्बेनियन, सगळ्या शेजाऱ्यांच्या चाली यायलाच हव्यात. चोचेक नाचाच्या एका प्रकारात नऊ मात्रा असतात, दोन-दोन-दोन-तीन. त्या शेवटच्या तीनवर पाऊल किंचित रेंगाळतं, आणि बसलेल्यालाही बसवत नाही.

या वाजवण्यामागे फार सोसणं आहे. रोमानियाच्या वालाकिया भागात रोमा १८५६ पर्यंत गुलाम होते, त्यांत सरदारांच्या पदरी वाजवणारेही होते. आजही लग्नाला यांना बोलावणारी माणसं शेजारी घर द्यायला कचरतात. मला हे फार लागतं. म्हणून स्कोप्येच्याच रोमा गायिका एस्मा रेजेपोवाबद्दल इतका आदर वाटतो. युगोस्लाव्हियात रेडिओ-टीव्हीवर रोमानी या रोमांच्या भाषेत गाणाऱ्या पहिल्या काहींपैकी ती एक.

आणि भाषा अगदीच कळत नाही असंही नाही. त्या रात्री सूर धरणारे आजोबा थकून खुर्चीत बसले आणि जोडीदाराला म्हणाले, “पानी.” ग्लास माझ्याच हाताशी होता. मी उचलून दिला.