गुलाबाच्या शेडमध्ये परभक्षी कोळी: माझा अनुभव

मावळात गुलाब करणाऱ्याला लाल कोळीची ओळख करून द्यावी लागत नाही. पानाच्या खालच्या बाजूने रस शोषतो, वरून पान पांढुरक्या ठिपक्यांनी भरतं, वेळीच हात घातला नाही तर शेंड्यापर्यंत जाळी चढते. 30 अंशांच्या आसपास त्याची पिढी 8-10 दिवसांत तयार होते, त्यामुळे एकच औषध पुन्हा पुन्हा मारलं की थोड्याच काळात त्याला ते पचायला लागतं. शिवाय हा आठ पायांचा, म्हणजे कीटकच नव्हे. साध्या कीटकनाशकाने त्याचे शत्रू तेवढे मरतात आणि त्याला रान मोकळं मिळतं.

आमच्या शेडमध्ये कोळीनाशकांचा खर्च वाढत होता आणि गुण कमी होत होता. म्हणून पावसाळा संपल्यावर कडेच्या दोन बेमध्ये, म्हणजे शेडच्या दोन भागांत, परभक्षी कोळी (लाल कोळीला खाणारे दुसरे कोळी) सोडायचे ठरवलं. जात निवडली निओसियुलस लाँजिस्पिनोसस. ती आपल्याच हवामानातली आहे आणि जाळीत सहज शिरते.

खरं काम सोडण्याआधीचं. सिंथेटिक पायरेथ्रॉइडचा अंश पानावर कित्येक आठवडे राहतो, त्यामुळे त्या दोन बेमधल्या फवारण्या खूप आधी थांबवल्या. भुरी या बुरशीरोगासाठीचं गंधकही बंद केलं, कारण ते परभक्षींनाही बाधतं. त्याऐवजी पोटॅशियम बायकार्बोनेट वापरलं. मग पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानं खालून धुतली. बेंड केलेल्या, म्हणजे खाली वाकवलेल्या फांद्यांच्या दाट पाल्यात कीड सगळ्यात जास्त लपते, तिथे हात घालून धुवावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण किडीची संख्या आधी उतरवली नाही तर मूठभर परभक्षी काय करणार?

परभक्षी आले घेवड्याच्या पानांवर, कागदी पिशव्यांत, बर्फाच्या पेटीतून. ऊन उतरल्यावर ती पानं बेंडमध्ये ठेवली. जिथे जाळी दिसली तिथे जास्त.

पुढचे दिवस भिंगाचे. 10 पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली फरक स्पष्ट कळतो. लाल कोळी सुस्त, अंगावर दोन काळे डाग, अंडी मण्यासारखी गोल. परभक्षी नासपतीसारख्या घाटाचा, चकचकीत, सारखा पळत असतो. त्याची अंडी लांबट आणि मोठी. कामावरच्या मावशींनाही भिंग दिलं. एका दुपारी त्यांनीच हाक मारली, "दादा, पळतंय ते आपलंच ना?" लांबट अंडी वाढताना दिसली तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. परभक्षींची संख्या किडीच्या मागून वाढते, त्या मधल्या काळात पंपाकडे हात जाऊ न देणं हेच कठीण. व्हॅलेंटाईनसाठी डिसेंबरात छाटणी केली, तेव्हा नवी फूट त्या दोन बेमध्ये बाकी शेडपेक्षा स्वच्छ निघाली.

मर्यादाही आहेत. मार्चनंतर शेड तापते, हवा कोरडी पडते आणि परभक्षींची अंडी सुकतात. फॉगर (पाण्याचं धुकं सोडणारं यंत्र) चालवून थोडं सावरतं, पूर्ण नाही. कडक उन्हाळ्यात मी परभक्षींना झेपेल असं कोळीनाशक निवडून फक्त जाळी चढलेल्या ठिकाणी मारतो. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लागतातच.

आता परभक्षी घरीच वाढवतो. लांबच्या शेडनेटमध्ये घेवड्याचे ट्रे आहेत: आधी त्यांवर लाल कोळी वाढू द्यायचा, मग परभक्षी सोडायचे. लाल कोळी कपड्यांवरूनही पसरतो, म्हणून तिकडचं काम दिवसाच्या शेवटी ठेवतो आणि तिथून कोणालाही परत गुलाबात जाऊ देत नाही.