बॅटरी कुठे झोपते?

लेह. सकाळचे सात, उणे १८ अंश, वीज गेलेली. होमस्टेच्या आजोबांनी जनरेटरची बॅटरी चक्क स्वयंपाकघरातून, बुखारीजवळून (खोली तापवायच्या शेगडीजवळून) उचलून आणली. बारदानात गुंडाळलेली. म्हणाले, "ही रात्री आमच्यातच झोपते."

पहिल्याच चावीला सुरू! मी लगेच गीझरकडे धावलो, तर आजोबांनी हात धरला. "आधी त्याला जागं तरी होऊ द्या." दहा मिनिटं नुसतं धडधडत ठेवलं, मग लोड.

आपल्याकडे थंडीत खोबरेल थिजतं ना, तसं साधं डिझेल इथे मेणचट होऊन फिल्टर तुंबवतं. म्हणून पूर्वी त्यात रॉकेल मिसळायचे. २०१९पासून उणे ३३ अंशांपर्यंत न थिजणारं हिवाळी डिझेल आलंय.

आमच्या सोसायटीचा जनरेटर मात्र भर जूनमध्येही रुसतो. त्याची बॅटरी कुठे झोपते, कुणी कधी बघितलंय का?