हुलग्याचं बी : चौथ्या पावसाची नोंद

काल रात्री ताटात हुलग्याचे (कुळथाचे) हजार दाणे मोजून घेतले. भुरे-तांबूस 742, ठिपक्यांचे 171, काळे 87. गेल्या वर्षी याच ताटात मोजले तेव्हा हजारच्या हजार भुरे निघाले होते. ते तसं का झालं आणि यंदा काय बदललं हे सविस्तर लिहितोय, कारण घरच्या घरी देशी वाण जपणारे आपण बरेच जण नेमकं हेच करत असतो.

जागा तीच, कोल्हापूरजवळच्या पाचगावात घरामागचा गुंठाभर मोकळा प्लॉट. जमीन मुरमाड, पाण्याची सोय नाही, आणि हुलग्याला ती लागतही नाही. बी भुदरगड तालुक्यातल्या आत्तीचं (आत्याचं). तिच्या माळाच्या पट्टीत हुलगा तिच्या सासूच्याही आधीपासून आहे. 2022 ला तिच्याकडनं दोन ओंजळी आणल्या आणि पेरल्या. पीक बरं आलं. मग मी पुस्तकी शहाणपणानं सगळ्यात चांगली नऊ झाडं निवडली. लवकर फुललेली, सरळ उभी वाढलेली, शेंगांनी लगडलेली. त्यांचंच बी धरलं, बाकीच्याचं माडगं करून प्यालो.

2023 ला अर्धा गुंठा एकसारखा उभा राहिला. एका उंचीचा, एकदम फुललेला. मला फार आनंद झाला होता. फोटो काढून आत्तीला दाखवले, तर ती म्हणाली, "दिसाय झ्याक दिसतोय. पर बाकीचा कुठं गेला?" तिचा प्रश्न मला तेव्हा कळलाच नाही.

कळला 2024 च्या डिसेंबरात. गौरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी मी पेरलं होतं, आत्तीनंही त्याच आठवड्यात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या सगळ्या शेंगा वाळून खडखडायला लागल्या होत्या, येत्या रविवारी उपटायच्या असं ठरलं होतं. त्याआधीच आभाळ भरून आलं आणि दोन दिवस पाऊस. शेंगा काळ्या पडल्या, कितीतरी शेंगांत दाण्याला आतच मोड आले. जेमतेम अर्धा किलो धड दाणा हाताला लागला.

पुढच्या आठवड्यात आत्तीकडं गेलो. तिचाही पिकलेला हुलगा भिजला होता, पण पट्टीतली निम्मी झाडं अजून हिरवी होती, काही तर फुलात. बांधाला पसरलेल्या वेलासारख्या झाडांच्या शेंगा नुसत्या भरत होत्या. ती शांतपणे म्हणाली, "आरं, समदी एका दिशी पिकली तर एका पावसात जात्याली की."

हुलगा स्वतःच्याच परागावर शेंग धरतो. फूल उमलायच्या आधीच बहुतेक काम उरकलेलं असतं, त्यामुळं काळ्या दाण्याच्या झाडाचं लेकरू काळंच, उशिराचं उशिराचंच. म्हणजे आत्तीचा 'एक वाण' हा खरं तर शेजारी शेजारी नांदणाऱ्या कितीतरी ओळींचा, म्हणजे वेगवेगळ्या वंशांचा, मेळ आहे. त्या एकमेकींत फारशा मिसळत नाहीत. म्हणूनच एखादी ओळ बियाण्यातून एकदा सुटली की ती आपोआप परत येत नाही. मी हिशोब करून बघितला. शंभरात दोन झाडं ज्या प्रकारची आहेत, तो प्रकार नऊ झाडांच्या निवडीत अजिबात न येण्याची शक्यता 83 टक्के. नऊऐवजी दीडशे झाडांचं बी धरलं तर ती 5 टक्क्यांवर येते. आणि मी तर नऊ झाडंही डोळे मिटून घेतली नव्हती, लवकर आलेली तेवढीच वेचली होती.

सीना, माण असे कृषी विद्यापीठाचे हुलग्याचे सुधारित वाण एकसारखे असतात ते मुद्दाम, आणि ज्याला सगळं एकदम काढून बाजारात न्यायचंय त्याला ते सोयीचे. पण आत्तीचा वाण जपतो म्हणायचं आणि त्याचं असं सरळसोट पीक करून ठेवायचं, हे जपणं नव्हे.

आत्ती बी कसं धरते ते मी यंदा तिच्या खळ्यावर बसून बघितलं. पहाटे दवात झाडं उपटायची, म्हणजे शेंगा तडकत नाहीत. दोन-तीन फेऱ्यांत, जसजसं पिकेल तसं. बडवून, वारं देऊन रास झाली की खायला एक मूठही घ्यायच्या आधी बी बाजूला काढायचं, वरून, मधून, तळातून हात घालून. मग सुपात पाखडून खडे, चिमलेला आणि भुंग्यानं पोखरलेला दाणा तेवढा काढायचा. रंग बघायचा नाही, आकार बघायचा नाही. मी एक बारीक काळा दाणा उचलून "हा टाकू का?" विचारलं, तर तिनं तो माझ्या बोटांतून काढून परत सुपात टाकला.

गणंगाचंही तसंच. मोड आणताना जो दाणा दोन दिवस भिजूनही खड्यासारखा राहतो, तो स्वयंपाकात सगळ्यांचा वैरी. मी पहिल्या वर्षी बी ओल्या फडक्यात बांधून, पटकन मोड आले तेवढेच पेरले होते. आत्ती म्हणते ऱ्हाऊ दे, पहिल्या पावसाला फसून जळाला नाही तो मागनं उगवतो. यंदा माझ्याकडं पेरणीनंतर पंधरा दिवसांनी उगवलेली रोपं होती, आणि ती टिकली.

माझी जागा लहान, रास छोटी, त्यामुळं मी तिच्या पद्धतीत एक बदल केला. यंदा तिच्याकडनं पुन्हा आणलेलं बी उत्तरा नक्षत्र लागल्यावर, 14 सप्टेंबरला पेरलं. काढणीच्या वेळी प्लॉटभर नागमोडी फिरून दीडशे झाडांच्या तीन-तीन शेंगा तोडल्या, दणकट असो की रोगट दिसणारं. नुसती रास केली असती तर शंभर शेंगांचं झाड दहा शेंगांच्या झाडाला दाबून टाकतं, एवढ्याशा जागेत ते फार लवकर जाणवतं. तीन फेऱ्या केल्या : 10 डिसेंबर, 24 डिसेंबर, 4 जानेवारी. शेवटच्या फेरीतच काळे दाणे सगळ्यात जास्त निघाले. पंच्याहत्तर ग्रॅमच्या आसपास बी झालं. शंभर दाण्यांचं वजन 3.1 ग्रॅम. बाकी साडेचार किलो खायला.

साठवण : पहिल्या साली घाईनं बरणीत भरलं होतं, जुलैत बुरशी आली. आता चार उन्हं देतो, दाताखाली टचकन फुटला की मगच भरतो. आत्ती मडक्यात चुलीची चाळलेली राख मिसळते. राख दाण्यांमधल्या फटी बुजवते आणि भुंग्याच्या अंगावरचं मेणाचं आवरण खरवडते, तो वाळून मरतो. माझ्याकडं चूल नाही, मी किलोला पाच मिली एरंडेल चोळतो. दाण्यावर पांढरे ठिपके चिकटलेले दिसले तर ती भुंग्याची अंडी, ते बी लगेच वेगळं करा.

आत्तीच्या गावात पूर्वी घरटी हुलगा होता, कारण घरटी बैल होते. नांगरटीच्या दिवसांत शिजवलेला हुलगा बैलांना घातला जायचा. ट्रॅक्टर आला तसा दावणीचा हुलगा संपला, आणि लिफ्टचं (उपसा सिंचनाचं) पाणी जिथं पोचलं तिथं माळाचा ऊस झाला. आता पाच घरं पेरतात. ती पाच घरं म्हणजेच या वाणाची पेढी. कुणाचं बी बुडालं की दुसऱ्याकडनं पायलीभर न्यायचं आणि सुगीला सवाईनं, म्हणजे सव्वापट, परत करायचं. बी विकत नाहीत. आत्तीचंही एका दुष्काळात सगळं गेलं होतं, तेव्हा तिनंच पूर्वी दिलेलं बी खालच्या आळीतून परत आलं, आणि त्यासोबत ठिपक्यांचा दाणाही आला. तो तिच्याकडं आधी नव्हता.

देवाणघेवाण कायद्यात बसते का असं दोघांनी विचारलं होतं. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, वाटायचा, विकायचाही हक्क दिलाय. फक्त ब्रँड लावलेल्या पिशवीत विकायचं नाही.

पुढचं : 2024 चं भुरं बी मी वेगळं ठेवलंय, त्याची एक रांग शेजारी पेरून फुलायच्या तारखा लिहिणार आहे. नव्या बियातलं वीस-वीस ग्रॅम कळंब्यातल्या आणि गारगोटीतल्या दोन मित्रांना दिलं. दोघांनाही एवढंच सांगितलंय, झाडं निवडायची नाहीत आणि सुगीला पंचवीस ग्रॅम परत आणायचं. उरलेलं पस्तीस ग्रॅम मडक्यात आहे, वर फडकं बांधून.